हवा सोडा, पेंडसे!

टायरच्या धंद्यात एक गोष्ट फार लवकर कळते. घासलेले टायर आणि गिऱ्हाइकांचे किस्से, दोन्ही वर्कशॉपच्या मागे साठत जातात आणि न्यायला कोणी येत नाही! नव्वदच्या दशकात मी दुबईत टायर विकत होतो, म्हणजे माझ्याकडे किती साठले असतील बघा.

सुट्टीत पुण्याला गेलो आणि माझा धंदा हिवाळ्यात जोरात चालतो म्हटलं की लोक हसायचे. "वाळवंटात कसले रे हिवाळ्याचे टायर?" अहो, हिवाळा हाच तर तिथला गाड्यांचा सीझन! उन्हाळ्यात वाळूत जाईल तो वेडा. नोव्हेंबर लागला की आमची तीन मराठी कुटुंबं दर शुक्रवारी डबे, चटया आणि क्रिकेटची बॅट घेऊन वाळूत जायची. एक आम्ही भावे, दुसरा बँकेतला पेंडसे, तिसरा सातोसकर. तिघांकडे फोर व्हील ड्राइव्ह गाड्या. आणि दर शुक्रवारी कोणीतरी रुतायचं. टायरवाला बरोबर असताना!

*

आधी दुकानातलं सांगतो. तिथे हिवाळ्यात एखाददुसरा पाऊस होतो. वर्षभराचं तेल रस्त्यावर बसलेलं असतं, त्यावर चार थेंब पडले की गाड्या साबणावरून गेल्यासारख्या घसरतात. त्या दिवशी दुकानात ही गर्दी!

असाच एकदा अल ऐनचा एक गृहस्थ आला. येताना गाडी दोनदा फिरली म्हणाला. त्याच्या टायरवर नक्षी नावालाही उरली नव्हती, चक्क टक्कल. मी चार नवे टायर काढून ठेवले.

"आत्ता बसवून टाकू?"

"कल सुबह, हबीबी. इन्शाल्ला!"

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. दुपारपर्यंत वाट बघून मी फोन केला.

"खलास, भाई! बारिश तो गयी ना!"

*

आता पेंडसे.

वाळूत जायचं तर टायरमधली हवा निम्म्यावर आणायची, एवढंच शास्त्र आहे. टायर पसरतो आणि गाडी वाळूवरून निघून जाते. हवा टाइट असेल तर चाक सरळ आत जातं. माझ्या दुकानातला सगळ्यात महागडा टायर जे करणार नाही, ते हवा सोडली की फुकटात होतं.

पण पेंडसे पडला स्कूटरच्या जमान्यातला. दर रविवारी पंपावर जाऊन हवा चेक करणारा माणूस. त्याला हवा सोड म्हणणं म्हणजे गवळ्यासमोर दुधात पाणी ओतण्यासारखं! नाही, गवळ्याचं उदाहरण चुकलं. पण तुम्हाला कळलं.

"नाना म्हणतात, हवा कमी तर टायरचं आयुष्य कमी!" हे त्याचं ब्रह्मवाक्य. नाना म्हणजे त्याचे वडील, मुक्काम चिंचवड.

एकदा मी चिडून त्याच्या गाडीपाशी स्वतःच बसलो. पुढच्या दोन चाकांची हवा सोडली. मागे गेलो, तिथली सोडली. उठून बघतो, तर पेंडसे पुढच्या चाकाला पायपंप लावून घामाघूम झालेला!

"अरे, काय करतोयस?"

"खूप कमी झाली होती रे. तुझं लक्ष नव्हतं!"

त्याची मुलगी ऋता गाडीच्या टपावर बसून हे बघत होती. ती म्हणाली, "डॅड, बोथ ऑफ यू आर सो स्लो!"

माझ्या बायकोने, वसुधाने, तो पायपंप तिथल्या तिथे जप्त केला. तो आमच्या बाल्कनीत पडला आणि तिथेच राहिला.

*

सातोसकरची तऱ्हा वेगळी. त्याला हवा सोडायला हरकत नव्हती, पण तेवढ्याने त्याचं मन भरायचं नाही. त्याला सामान लागायचं! फावडी दोन, दोर तीन, लोखंडी जाळ्या, फळ्या. या सगळ्या वजनानेच त्याची गाडी आधी रुतायची.

चाकाखाली गालिचा टाकला की पकड मिळते, असं त्याला कोणीतरी सांगितलं. खरंही आहे ते, जुनं जाजम टाकतात लोक. याने हॉलमधला नवा इराणी गालिचा आणला! घरात विचारलं नव्हतंच.

गालिचा टाकला, गाडीत बसला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चाकाने गालिचा खाल्ला आणि मागे फेकला. मागे आम्ही धक्का मारत होतो. मी आणि पेंडसे त्याच्याखाली सापडलो.

सातोसकर वहिनी धावत आल्या. त्यांनी गालिचा उचलला, झटकला, उजेडात धरून भोक बघितलं. आम्ही अजून वाळूतच पडलेलो.

"भावोजी," त्या मला म्हणाल्या, "याला रफू होईल का हो?"

*

सातोसकरचा मेव्हणा कॅनडात. तिथे हिवाळ्यात बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात. सातोसकर तिकडे जाऊन आला तो या साखळ्या घेऊनच! विमानातून! लोक मेपल सिरप आणतात.

"बर्फ काय, वाळू काय, घसरणं ते घसरणंच," तो म्हणाला.

मी सांगितलं की साखळी बर्फात रुतून पकड घेते, वाळूत ती नुसती खणत जाईल. टायर विकतो म्हणून सांगतोय असं त्याला वाटलं. अर्धा तास खपून साखळ्या बांधल्या. "यल्ला!" म्हणून ओरडला आणि निघाला.

निघाला म्हणजे खाली निघाला! गाडीने स्वतःपुरती विहीर खणली. दारं उघडेनात. शेवटी त्याला खिडकीतून ओढून काढला.

कपडे झटकत तो म्हणाला, "पण घसरली का? नाही ना!"

*

हवा सोडली की परत भरायला माझ्याकडे छोटा कॉम्प्रेसर होता, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. तो सातोसकर एका दिवसासाठी मागून घेऊन गेला. मला वाटलं, चला, याला तरी अक्कल आली.

परत आणला तेव्हा जळका वास येत होता.

"किती टायर भरलेस?"

"टायर नाही रे. आमच्या बंटीचा वाढदिवस होता. फुगे!"

*

आणि मग दोन हजार साली खुद्द नाना आले.

मुलाकडे हिवाळ्यापुरते आले होते. बारीक अंगकाठी, पांढराशुभ्र शर्ट, कमालीचे नम्र. त्यांना मॉल नको, सोनं नको. एकच इच्छा होती, वाळूच्या टेकडीवर उभं राहून एकदा सूर्यास्त बघायचा. पेंडसे त्यांना सारखा घेऊन जायचा आणि सारखा पायथ्याशीच रुतायचा. म्हाताऱ्याने आजवर सूर्यास्त बघितला तो टो-रोप धरून, गाडीच्या मागून!

परत जायच्या दिवशी शुक्रवार होता. विमान रात्रीचं. मी म्हटलं, आज काहीही होवो, नानांना वर न्यायचंच. सातोसकर ड्यूटीवर होता, म्हणजे निम्मं संकट आधीच टळलं होतं. दोन गाड्या निघाल्या, पुढे पेंडसे, मागे आम्ही. कॉम्प्रेसर जळालेला होता, पण हायवेवर पेट्रोल पंप होता. हवा सोडून जायचं, येताना तिथपर्यंत सावकाश येऊन भरायची.

डांबर संपलं तिथे चहाला थांबलो. मी नानांना विचारलंच.

"नाना, हवा कमी तर टायरचं आयुष्य कमी, असं तुम्ही म्हणता?"

"मी?" नाना चकित झाले. "अहो, माझ्याकडे जन्मभर सायकल! तिची हवा शेजारची पोरं सोडायची, त्यांना ओरडायचो मी."

इतक्या वर्षांचं ब्रह्मवाक्य! मी कपाळावर हात मारला. मग नानांना सगळं नीट समजावलं. टायर कसा पसरतो, गाडी वर कशी राहते. हवेच्या व्हॉल्व्हची पिन काढायची छोटी चावी त्यांच्या हातात देऊन दाखवलं. नाना एकेक शब्द लक्षपूर्वक ऐकत होते. आयुष्यात इतक्या आदराने माझं कोणी ऐकलं नव्हतं, वसुधाने तर नाहीच.

"म्हणजे हवा जितकी कमी तितकं वाळूत बरं," नाना म्हणाले.

"अगदी बरोबर, नाना!"

पेंडसेने मात्र "नाना विसरले असतील" म्हणून हवा न सोडताच गाडी घातली. टेकडीच्या पायथ्याशी रुतला. अर्थातच!

सूर्य कलायला लागला होता. माझी गाडी मागे घट्ट वाळूवर होती, तिला दोर बांधून याला ओढता आलं असतं. पण माझं डोकं फिरलं. "आज ओढणार नाही! वडिलांना एक सूर्यास्त दाखवता येत नाही तुला? हवा सोड!" तो म्हणाला, "जरा धक्का दे, निघेल." मी म्हटलं, "हवा सोड!" ऋता म्हणाली, "डॅड, प्लीज, आजोबाज फ्लाइट!" पेंडसे वहिनी रडकुंडीला आल्या. शेवटी पेंडसेने मान खाली घातली, चाकापाशी बसला आणि स्वतःच्या हाताने पिन दाबली. फुस्स!

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो आवाज! मला भरून आलं. चारही चाकं निम्म्यावर आली आणि गाडी पहिल्या झटक्यात बाहेर निघाली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"नाना, चला वर!" मी ओरडलो.

नाना कुठे दिसेनात. मग माझ्या गाडीच्या मागून सावकाश उठून उभे राहिले. गुडघ्यांना वाळू, शर्ट काळा, हातात माझी चावी. माझी गाडी नेहमीपेक्षा बरीच बुटकी दिसत होती.

"भावे, आमचा बाळ तुमचं ऐकेना, मला फार लाज वाटली हो," ते म्हणाले. "म्हटलं आपण तरी ऐकावं. चारही चाकांची सोडलीय, अगदी शेवटपर्यंत. स्टेपनी तेवढी सापडली नाही. कुठे ठेवता तुम्ही?"