पहिले भेंडे बियाला

डिचोलीच्या बाजारात ती कोपऱ्यात बसायची. कारापूरची, एवढंच मला ठाऊक. पुढ्यात बियाण्यासाठी वाळवलेल्या सात शिरांच्या भेंड्यांचे दोनचार घोस, चुलीवर टांगून धुराने काळवंडलेले. एकेक भेंडा ती कानाशी हलवून बघायची आणि आत बी खुळखुळलं तरच द्यायची.

मी भेंडे मागितले तर तिने आधी माझं घर कुठे ते विचारून घेतलं.

“पयले भेंडे खाव नको हां बाय, बियाक ठेव,” ती म्हणाली. “माझा बियाणा गेला, तर मी तुझ्याकडेच मागूक येतलंय.”

मी हसले.

मी परसात बी पेरलं. पहिले भेंडे इतके कोवळे निघाले की आम्ही ते खाल्ले. नंतरचेही खाल्ले. बियाला शेवटचे ठेवू, असं मी म्हणत राहिले. मग पाऊस लागून राहिला, झाडं कुजली. एकच उरलं, त्यावर एकच भेंडा. त्याला मी जुन्या साडीची चिंधी गुंडाळली. माकडं आली की धावत सुटते. फाटकाची कडी वाजली तरी वाटतं, ती बी मागायला आली.

काल ती बाजारात दिसली. पुढ्यात एकही घोस नव्हता.

“सगळा उंदरान खाल्ल्यान,” ती म्हणाली. मग माझा हात धरून हसली. “पण तुझ्याकडे आसा मगे!”

मी मान डोलावली.

घरी येऊन चिंधी सोडली आणि झाडावरचा वाळलेला भेंडा कानाशी धरून हलवला. आत काहीच वाजलं नाही.