वामनचा डबा

"शेवटी ओळखलं काय तुमाले?" वामनला जाऊन दीड महिना झाला, आणि भेटायला येणारा जो तो चपला काढता काढता मला हेच विचारतो. स्मृतिभ्रंश म्हणजे माणूस नावं विसरतो, घराचा रस्ता चुकतो, एवढंच लोकांनी ऐकलेलं असतं. मी सांगते, ओळखलं. रोज ओळखलं. माझं नाव, माझं माहेर, मोताळ्याचा बाजार कोणत्या वारी भरतो, सगळं त्याला ठाऊक होतं. फक्त मी समोर रडत असले तरी त्याला काही वाटत नव्हतं. यावर माणसं चुळबुळ करतात, विषय बदलू पाहतात. मी बदलू देत नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलंय, वर्ग सुटेपर्यंत बसवून ठेवायची सवय आहे मला.

वामन माझा नवरा. सरकारी ढोरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर, पण पंचक्रोशीत सगळे त्याला डाक्टरच म्हणायचे. एकदा शाळेतून येताना मी त्याच्या गाडीवर मागे होते. वाटेतल्या गोठ्यात नुकतीच व्यायलेली गाय बसली होती, आणि ती उठत नाही म्हणून मालक तिला काठीनं बडवत होता. वामननं गाडी टाकली आणि ती काठीच धरली. "मारतं काऊन बे? ते उठून नाही राह्यली असं नाही, तिले उठताच येत नाही! अंगातलं कॅल्शियम गेलं तिच्या." मग दवाखान्यातले डॉक्टरसाहेब येईपर्यंत तो तिच्या मानेवरून हात फिरवत शेणात बसून राहिला. माणसांशीही तसाच. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारच्यांनी भाकरी-पिठलं न्यायचं. गल्लीत हे बायकांचं काम, पण आमच्या घरून डबा वामनच न्यायचा. त्याचं नाव कोरलेला लग्नातला स्टीलचा डबा. तो रडणाऱ्या माणसाशेजारी गुमान बसायचा, थोड्या वेळानं भाकरी मोडायचा आणि पहिला घास स्वतःच्या हातानं भरवायचा. त्याला नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

त्याच्या निवृत्तीनंतर दोनएक वर्षांनी मी अंगणात घसरून पडले, मनगट मोडलं. ओरडले. वामन बाहेर आला, माझ्याकडे पाहिलं, मला ओलांडून पुढे गेला आणि म्हणाला, "चाय झाली काय?" ... मी संतापले. पंधरा दिवस अबोला धरला. आमच्यात अबोला दोन दिवसांच्या वर कधी टिकला नव्हता, आधी तोच विरघळायचा. या वेळी त्याला पत्ताही लागला नाही. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

मग समोरच्या सुपडाबाईचा तरणा मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला. मी भाकरी केल्या, वामन सवयीनं डबा घेऊन निघाला, मी मागोमाग. तो सुपडाबाईशेजारी बसला, डबा उघडला, भाकरी मोडली... आणि स्वतः खाऊ लागला. ती ऊर बडवत होती आणि हा पिठलं चाटूनपुसून खात होता. वर म्हणाला, "मीठ कमी पडलं." कोणीतरी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. डबा तिथेच राहिला. त्या दिवसापासून वामन डाक्टर गल्लीत 'दगड' झाला.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचा फोटो उजेडावर धरून दाखवला. कपाळामागचा भाग सुकत चाललेला. दुसऱ्याचं दुःख आपल्याला लागतं ते इथल्या जोरावर, ते म्हणाले. याची आठवण राहील, माया आधी जाईल. परतताना एसटीत वामन शेंगा खात होता आणि मला ती गाय आठवत होती. मी सुपडाबाईला जाऊन सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, "झालं तुमचं?" म्हणाली आणि दार लावलं. तिचं काय चुकलं? मलाही त्याचा राग यायचा, भयंकर यायचा. आजार आहे हे कळल्यानं दुखायचं थांबत नाही.

तो न्यूमोनियानं गेला. त्या दुपारी स्मशानातून माती देऊन माणसं परतली, आणि दोन वर्षं माझ्याशी न बोललेली सुपडाबाई दारात उभी राहिली. हातात तोच डबा. ती माझ्याजवळ बसली, भाकरी मोडली आणि घास पुढे केला. "मले अजूनबी राग हाय त्याचा," ती म्हणाली. "पन तो डाक्टर असताना पहिला घास त्याच्याच हातचा राहे. घे वं माय." मी खाल्ला. तेव्हाच मला रडू फुटलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी श्रद्धांजली वाहताना एक पाहुणे माइकवर म्हणाले, "शेवटची वर्षं सोडून द्या, बाकी माणूस लय मायाळू व्हता." मी उठून माइक घेतला. म्हटलं, सोडायची काऊन? पाय गेलेल्या माणसाचं न चालणं तुम्ही सोडून देता काय? ती वर्षंही त्याचीच आहेत, मी ती त्याच्यासोबत काढली आहेत. त्याला माया करायची नव्हती असं नाही, त्याला करताच येत नव्हती. मंडपात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नकोच होत्या.

गेल्या आठवड्यात गल्लीच्या टोकाला एक म्हातारी गेली. मी भाकरी थापल्या, पिठलं केलं, मीठ चाखून पाहिलं. डबा हातात घेऊन निघाले तर ओट्यावरची एक बाई दुसरीला कोपरानं ढोसून म्हणाली, "हाच नं वं तो डबा?"

"हाव, हाच," मी म्हटलं. थांबले, डबा फिरवला आणि त्याच्या नावाची बाजू त्यांच्याकडे करून पुढे चालू लागले.