सहा दातांची गाडी

दसऱ्याला गाडीची पूजा करताना देवाला मागायचं काय, याचाच आमच्या घरात घोळ झाला होता. दुसऱ्यांचं सोपं असतं. ट्रॅक्टरवाला म्हणतो, शेत पिकू दे. जीपवाला म्हणतो, शिटा मिळू दे. आमची होती टोचनगाडी. म्हणजे रस्त्यात कोणाचा ट्रक बंद पडला, नालीत गेला, की साखळी लावून ओढून आणायची गाडी. तिला धंदा दे म्हणायचं, तर दुसऱ्याची गाडी मोडू दे म्हटल्यासारखंच की!

सासूबाईंनी आरतीचं ताट हातात धरलं अन् थबकल्या. "काय मागू रे? लोकाचं वाईट मी मागत नसते."

मालक म्हणाले, "काही मागू नको आई. नुसता नारळ फोड."

"नुसता नारळ कोणता देव घेतो?"

मग मीच पुढं झाले. हात जोडले अन् म्हटलं, "देवा, कोणाची गाडी मोडू नको. पण मोडायचीच असली, तर जरा जवळपास मोडू दे."

सगळे हसले. नारळ फुटला, खोबरं वाटून झालं. मी मात्र ते गमतीनं बोलले नव्हते. माझा सगळा जीव त्या 'जवळपास'मध्ये होता.

काहून ते सांगते.

आमचे मालक आधी लाइनवर ड्रायव्हर होते. नागपूर, हैदराबाद, इंदूर, जिकडं माल तिकडं ते. आमचं घर डोंगरकड्याच्या अलीकडं, सडकेला लागून. दारात एक तांबडं कुत्रं होतं. पोस्टमन आला की ते शेपूट हलवायचं. भंगारवाला आला तरी गप पडून राहायचं. अन् महिन्या-दीड महिन्यानं घरचा मालक आला, की असं भुकायचं की शेजारी काठ्या घेऊन बाहेर यायचे. मालक आपले पिशवी छातीशी धरून सडकेवरच उभे.

"अगं, धर ह्याला! माह्याच घरात मला येऊ देईना!"

लेकरं हसायची, मीही हसायचे. पण भाकर थापताना मनात यायचं, त्या मुक्या जिवाचं चुकलं काय? जो रोज दिसतो तो घरचा, एवढंच त्याला कळतं. लेकरांनाही हळूहळू तेवढंच कळायला लागलं होतं. बाप आला की दोन दिवस ती माझ्या पाठीमागून बोलायची. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीवर बसायची, अन् चौथ्या दिवशी मालक निघालेले असायचे.

म्हणून त्यांनी जेव्हा लाइन सोडून जुना डिझेल ट्रक घ्यायचं अन् त्याची टोचनगाडी करायची ठरवलं, तेव्हा मला केवढा आनंद झाला काय सांगू. तवा आमचा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच होतो. ट्रकाचा मागचा हौद कापला, लोखंडी गर्डरचा क्रेन बसवला, कप्पी आली, साखळी आली. एक काम तेवढं राहिलं होतं, अन् तिथंच आमच्या दोघांचं फाटलं.

गाडीच्या मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक फुगीर गोळा असतो. त्याच्यात दोन दातेरी चक्रं असतात. मोठ्याला क्राउन म्हणतात, लहान्याला पिनियन. इंजिनाचा जोर लहान्यातून मोठ्यात जातो अन् तिथून चाकांत. आमच्या गाडीतल्या जोडीचे दात झडले होते. दुसरी जोडी घ्यायला आम्ही नांदेडला गेलो. मी बांगड्या भरायच्या म्हणून बरोबर गेले होते, खरं कारण वेगळं होतं.

मिस्त्रीनं दोन जोड्या काढून पोत्यावर मांडल्या. मोठं चक्र दोन्हींत सारखंच. लहान्यात फरक. एकाला सहा दात, दुसऱ्याला सात.

"भाभी, ये खींचनेवाला," मिस्त्रीनं सहा दाताच्या डोक्यावर हात ठेवला, "और ये भागनेवाला."

सहा दाताचं लावलं की इंजिन लै फिरणार अन् चाक थोडं. गाडी हळू, पण ओढीला राक्षस. सात दाताचं लावलं की गाडी पळणार, पण मागं ओझं असलं की चढाला दम लागणार. एवढं मला कळलं. मग मी माझं विचारलं.

"मिस्त्री, सांजच्याला घरी आणणारं कोणतं?"

तो हसायला लागला. "हळू गाडीला लांबून कोण बोलावतंय, भाभी? हे सहाचं लावलं, तर भाईजान इथंच फिरत राहतील. हिंगोली, औंढा, नांदेड. बस्स."

"मग सहाचं बांधा."

"सातचं!" मालक मागून ओरडले. "अगं, सहा दाताची गाडी म्हणजे रेडा. सायकलवाला बी घंटी वाजवून पुढं जाईल. लाइनवर कोणाला पुढं जाऊ दिलं न्हाई मी."

"ओढायची गाडी हाय का शर्यतीची?"

"जो आधी पोचंल त्याचं गिऱ्हाईक. तुला काय कळतं त्यातलं?"

सातचंच आलं. घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या जेवायला बसल्या होत्या. त्यांनी बोट घालून स्वतःचे दात मोजले अन् म्हणाल्या, "माह्या तोंडात सहाच राह्यलेत. हळू खाते, पण ताटात भाकर ठेवत न्हाई. तुह्या गाडीला सातवा कशाला पाह्यजे रे?"

मालकांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

दसऱ्याला तो नारळ फुटला, गाडी सुरू झाली अन् खरंच पळायला लागली. मालक खूश. बातमी पसरली की डोंगरकड्याकडची टोचनगाडी लवकर येते. मग काय, बोलावणी लांबून यायला लागली. कधी यवतमाळच्या वाटेवर, कधी पार निजामाबादकडं. रिकामी गाडी वाऱ्यासारखी जायची, अन् मोडका ट्रक घेऊन यायची ती दोन-तीन दिवसांनी. कुत्रं पुन्हा भुकायला लागलं. मी देवाला म्हटलं, अरे, जवळपास म्हटलं होतं ना मी?

देवानं ऐकलं, पण उशिरा अन् त्याच्या पद्धतीनं. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर केळीचा ट्रक बंद पडला. गच्च भरलेला. मालक ऐटीत गेले, साखळी लावली अन् पुढच्या टेकाडाच्या चढाला लागले. आम्ही दारातून बघत होतो. अर्ध्या चढावर गाडीनं मान टाकली. इंजिन बोंबलतंय, चाक हालत नाही, अन् क्लच जळाल्याचा वास आमच्या ओसरीपर्यंत. लोक धावले, चाकांमागं धोंडे लावले. शेवटी केळीच्या ट्रकाला दोन ट्रॅक्टर जुंपले. मग एका ट्रॅक्टरनं आमची गाडी ओढत दारात आणून सोडली. टोचनगाडीला टोचन! अख्खं गाव सडकेच्या दोन्ही बाजूंनी उभं. मालक ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, मांडीवर केळीच्या दोन फण्या. केळीवाल्या ड्रायव्हरनं समजूत म्हणून दिलेल्या.

सासूबाईंनी एक केळ सोललं अन् म्हणाल्या, "ह्याला तर एक बी दात लागत न्हाई."

दुसऱ्या आठवड्यात मिस्त्री आला अन् सहाची जोडी बसवून गेला.

आता गाडी ओढायची मस्त. नालीतून, चिखलातून, काळ्या मातीतून, कुठूनही. पण मालकाचं तोंड उतरलं. एस.टी. पुढं जायची, जीप पुढं जायची, उसाचा ट्रॅक्टरही पुढं जायचा. ते संध्याकाळी घरी यायचे, रोज यायचे, पण बोलायचे नाहीत. माझं मन धसकलं. माणूस घरात आहे अन् डोळे सडकेवर. त्यातच जुन्या ट्रान्सपोर्टवाल्याचा निरोप आला, नवा ट्रक घेतलाय, लाइनवर परत ये. मालकांनी तो निरोप मला सांगितलाही नाही. मला तो शेजारणीकडून कळला.

त्याच दिवसांत माझ्या भावाच्या घरी जागरण-गोंधळ होता, सेनगावजवळ. मालक म्हणाले, चल, गाडीतच सोडतो. उभ्या आयुष्यात मी त्यांच्या शेजारी कॅबिनमध्ये बसले नव्हते. पहाटे निघालो, अन् काय सांगू, मला तर लै आवडलं! माणसं ओळखू येतात अशी चाल. बांधावरच्या बायांना हात करावा अन् त्यांनी उलटा हात करेपर्यंत आपण तिथंच. तुरीचा वास नाकात भरून घ्यायला वेळ.

पण सेनगावच्या अलीकडं एक जीप मागून आली. आत माणसं कोंबलेली, मागं लोंबकळलेली. बराबरीला आली अन् एकजण ओरडला, "मालक, उतरून ढकलू काय?"

दुसरा म्हणाला, "राहू दे रं, बैल सोडलेत त्यांनी वैरणीला!"

हसत-खिदळत जीप पुढं गेली. मालकाचे कान लाल झाले. गिअर टाकता टाकता ते म्हणाले, "परवापासून मी लाइनवर परत चाललो. ट्रान्सपोर्टवाल्याचा निरोप हाय."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. गोंधळाला जाताना डोळ्यात पाणी आणू नये, म्हणून शेतं मोजत बसले.

चढ लागला. गाडीनं आवाज धरला, घूंऽऽ करून. रस्त्याच्या कडेनं एक धनगर चालला होता, मेंढरं पुढं गेलेली. तो आमच्या दाराच्या बराबरीला आला. म्हणजे आम्ही त्याच्या बराबरीला आलो, अन् तसेच राहिलो.

"राम राम. कोण्या गावचे?" तो चालता चालता म्हणाला.

"डोंगरकड्याकडचे," मालक घुश्शातच.

"अरं! मंग ती टोचनगाडी तुमची काय? शिरड शहापूरला माह्या साडूचा ट्रॅक्टर पडला होता हिरीच्या काठावर, तुमीच काढला न्हवं?"

"व्हय, मीच."

"साडू नाव घेऊन राहिला तुमचं. म्हणे, दुसरी गाडी असती तर हिसका बसून ट्रॅक्टर हिरीत गेला असता. तुमी म्हणे लेकरू उचलावं तसा उचलला." त्यानं हात वर केला. "तंबाखू हाय काय?"

मालकांनी पुडी दिली. गाडी चालूच, माणूस चालूच. त्यानं मळली, अर्धी परत दिली. अख्खा चढ दोघं बोलत गेले. मेंढरांचा भाव, पोरीचं लगीन, कोणाचा बाप कसा वारला, सगळं. वर पोचलो तेव्हा मालक म्हणाले, "या एकदा घरी," अन् धनगर म्हणाला, "येतो की."

असा पाव्हणा लाइनवर कुठं मिळाला असता?

चढ उतरलो तर खाली ती जीप! एक्सल तुटून आडवी. माणसं रस्त्यावर, बायका लेकरं सावलीला. मघाचा तो ओरडणारा आम्हाला बघून दुसऱ्याच्या पाठीमागं लपला.

मालकांनी गाडी थांबवली. सावकाश उतरले. "काय म्हणता? उतरलो बघा. ढकला आता."

जीपवाला हात जोडून म्हणाला, "काका, मापी. तेवढं सेनगावपर्यंत न्या."

साखळी लागली. जीपचं मागचं अंग वर उचललं. बायका, लेकरं, म्हातारी माणसं आमच्या गाडीवर चढली, गर्डरला धरून, अन् शेवटी तो ओरडणाराही. निघालो. तेवढ्यात मागून तोच मघाचा आवाज आला, "काका, जरा हळू घ्या बरं. लेकरं भिऊन राह्यलीत!"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. अन् असे हसले, असे हसले, की स्टेअरिंगवर डोकं टेकलं. मी म्हटलं, "अवो, पुढं बघा!" अन् मलाही हसू आवरेना. पुढं काय झालं ते न कळता मागची माणसंही हसायला लागली.

सेनगावच्या स्टँडवर आम्ही वरातीसारखे शिरलो. घूंऽऽ आवाज ऐकून माणसं हॉटेलांतून बाहेर आली. एका बाईनं उतरताना माझ्या ओटीत मूठभर भुईमुगाच्या शेंगा घातल्या. मालक म्हणाले, "थांब, एक फोन करतो."

मी एसटीडीच्या डब्याबाहेर उभी. काच होती, पण मालकाला फोनवर ओरडूनच बोलायची सवय.

"हॅलो! व्हय, मीच. न्हाई जमायचं शेठ. काहून म्हंजे? माह्या गाडीला सहाच दात हायेत. तिच्यानं तिथवर येणं होत न्हाई!"

मी शेंगा खात होते. त्या आताही आठवतात, इतक्या गोड होत्या.

पुढं हिंगोली जिल्हा झाला, रस्ते रुंद झाले, मोबाइल आले, गाड्या आणखी पळायला लागल्या. आमची तशीच राहिली. तिचा तो आवाज पार टेकाडापलीकडून ऐकू यायचा. मला घड्याळ नको, काही नको. आवाज आला की मी तवा ठेवायचे. गाडी चढ चढून, उतरून दारात येईपर्यंत पहिली भाकर फुगलेली असायची. सासूबाई म्हणायच्या, "गाडी काय, गरम भाकरीचा भोंगा हाय."

अन् ते तांबडं कुत्रं? आवाज माझ्याही आधी त्याला लागायचा. उठून, आळस देऊन ते सडकेवर जाऊन बसायचं. गाडी थांबली की पुढचे दोन पाय गाडीच्या दारावर टाकून असं चाटायचं, असं अंगावर यायचं, की मालक कॅबिनमधून ओरडायचे,

"अगं, धर ह्याला! मला खाली उतरू देईना!"