आपटबार काकू आणि एक इझी पार्टी

आपटबार काकूंनी मला शिकवलं, माझ्यासाठी भांडल्या आणि त्यापायी आपली माणसं गमावून बसल्या. हे आधीच सांगून टाकतो. पुढं रागाच्या भरात मी काहीबाही लिहीन, त्यात हे राहून जायला नको. माझं शिक्षण आठवीपर्यंत. परांड्याजवळच्या खेड्यातून पुण्याला हॉटेलात, तिथून मुंबईला आणि मुंबईहून इथं टेक्सासात, अर्विंगच्या एका रेस्टॉरंटमध्ये तंदूरपाशी. लिहिण्याची सवय नाही. इंग्रजीतल्या ज्या चार ओळी मला नीट लिहिता येतात, त्या काकूंनी हाताला लावलेल्या आहेत.

नाव त्यांना मराठी मंडळातल्या कुणीतरी ठेवलेलं. इथं चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, लहान मुलांना पांढऱ्या कागदाच्या पुड्या देतात, जमिनीवर आपटली की फट्कन वाजते. आपल्याकडचा आपटबारच तो. काकूंचं तसंच होतं. वात लावायला नको, लांब पळायला नको. टेकल्या की वाजल्या. तोंडावर त्यांना या नावानं हाक मारायची कुणाची टाप नव्हती, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि वाईटही वाटत नसे. मला एकदा म्हणाल्या, "आपटबारानं कधी कुणाचं घर जळलं नाही. घर जळतं ते आतल्या आत धुमसणाऱ्यांमुळं. तुझ्यासारख्या."

मूळच्या अमरावतीच्या. नवरा लवकर गेला, मुलगा शिकून दूर वॉशिंग्टन राज्यात, बॉथेलला नोकरीला लागला, आणि काकू सव्वीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवत राहिल्या. उंची बेताची. पाठीमागं उशी घेऊन त्या स्टिअरिंगवर अशा बसायच्या की बस त्यांना घाबरते आहे असं वाटावं. आवाज खाली घेऊन बोलणं त्यांना जमायचंच नाही. कुणी त्यावरून टोकलं की म्हणत, मागं साठ पोरं आणि पुढं मी एकटी, कुजबुजून कसं चालेल?

आमची ओळखही भांडणातूनच झाली. आमच्या मालकानं एक दिवस महाराष्ट्रीय थाळी लावली होती. काकू जेवल्या आणि ताट घेऊन थेट भटारखान्यात आल्या. इथं मराठी कोण आहे, असं विचारलं. मी हात पुसत पुढं झालो. वाटलं, गेली नोकरी. म्हणाल्या, भाकरी चांगली आहे, आईकडून शिकलेला दिसतोस, पण मेनूकार्डावर तिला फ्लॅटब्रेड कुणी लिहिलं? मी म्हणालो, मालकांनी. "आणि तू वाचलं नाहीस?" मी पुन्हा हात पुसायला लागलो. मला इंग्रजी धड येत नाही, हे त्यांना तेवढ्यावरून कळलं. जाताना आपला फोन नंबर ऑर्डरच्या चिठ्ठीमागं लिहून ठेवून गेल्या.

त्यांना फोन केला तो अडचणीतच. मी सिटिझनशिपचा अर्ज केला होता. बायको आणि मुलगी गावाकडं. सिटिझन झालो तर त्यांना लवकर आणता येणार होतं, नाहीतर आणखी किती वर्षं ते कुणी सांगत नव्हतं. इंटरव्ह्यूला गेलो आणि देशाबद्दलच्या प्रश्नांतही आपटलो, इंग्रजी वाक्य लिहिण्यातही. येत नव्हतं असं नाही. समोर टेबलामागं माणूस बसला की माझी जीभ टाळूला चिकटते, हात थरथरतो. शाळेतही हेच. अडीच महिन्यांनी पुन्हा बोलावणार होते. दुसरी वेळ म्हणजे शेवटची, मग अर्ज पहिल्यापासून.

दर सोमवारी दुपारी आमचं रेस्टॉरंट बंद असतं. काकूंच्या अंगणात अक्रोडासारख्या पिकानच्या झाडाखाली टेबल मांडलेलं असे. त्या वाक्य सांगायच्या, मी लिहायचो. चुकलं की एकच शब्द: "परत." कागद फाटला तरी परत. एकदा मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, काकू, माझ्या नशिबात हे नाही. त्यांनी टेबलावर असा हात आपटला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "तंदूरमध्ये हात घालतोस तेव्हा थरथरतो का?" नाही म्हणालो. "मग इथं का? कागद काय तुझा मालक आहे? परत."

त्यांना चीड होती ती एका शब्दाची. इझी. आपल्या लोकांना हा शब्द फार आवडतो. पॉटलक करू या, इझी होईल. फोनवर यादी फिरते, ज्यानं त्यानं आपल्या नावापुढं काय आणणार ते लिहायचं. सगळ्यात आधी बर्फ जातो, मग पेपर प्लेट्स, मग चिप्स. मधल्या रांगा, म्हणजे खरं जेवण, रिकाम्या राहतात. मग कुणीतरी कुणाच्या तरी मावशीला किंवा मला फोन करतं. काकू म्हणायच्या, "जिथं कुणी इझी म्हणतं ना, तिथं आधी बघावं, घाम कुणाला आलाय."

त्या वर्षी चार जुलैची पार्टी शिरीषदादांकडं होती. दादा मोठ्या कंपनीत, मंडळाचे अध्यक्ष. माझा इंटरव्ह्यू पुढच्याच आठवड्यात. दादांचा फोन आला, भाऊ, तुम्ही गेस्ट म्हणून या हं, एकदम इझी ठेवलंय, फक्त ग्रिलवर जरा लक्ष ठेवा. मग हळूहळू यादी वाढली. चिकन आदल्या दिवशी मसाला लावून आणायचं. शाकाहारी लोकांसाठी पनीर, पण जाळी वेगळी. आणि त्याच दिवशी आषाढी एकादशी आलेली, तेव्हा बारा जणांची साबुदाण्याची खिचडी, तुमच्या हातची मोकळी होते ना. मी चाचरत सांगितलं की माझी परीक्षा आहे, पहिल्या वेळी नापास झालोय, सुट्टीचा तो एकच दिवस आहे. दादा म्हणाले, अरे वा, मग तर तुम्हाला चेंज मिळेल. दर शुक्रवारी त्यांच्या ऑफिसचं जेवण आमच्याकडून जायचं. मी हो म्हणालो. मी नेहमीच हो म्हणतो.

काकूंना कळलं तेव्हा त्यांनी फोनवर फक्त खिचडी किती जणांची ते विचारलं. पार्टीच्या दिवशी मात्र सकाळीच भगर आणि दाण्याची आमटी करून माझ्या दारात हजर. बारा जणांची. म्हणाल्या, साबुदाणा भिजवला असशील तर घरी खा. आजची बस बघ कशी चालवते मी.

दादांचं अंगण मोठं. कुंपणाला लाल-निळ्या-पांढऱ्या पताका, टेबलावर झेंड्याचा केक, स्ट्रॉबेरीचे पट्टे आणि ब्ल्यूबेरीचे तारे. बायकांनी लाल टॉप आणि पुरुषांनी निळे शर्ट घातलेले. आणि बर्फ. अकरा कुटुंबांनी बर्फ आणला होता. कूलर भरले, सिंक भरलं, शेवटी बाथटबमध्ये पिशव्या रचल्या. पाव कुणीच आणले नव्हते. ऊन असं की आमच्याकडचा मे महिना बरा. सगळे पंख्याखाली, मी ग्रिलपाशी. गेस्ट म्हणून.

जेवणाआधी दादांनी खेळ काढला. त्यांच्या मुलानं फोनवर सिटिझनशिपचे प्रश्न उघडले. बघू या आपल्यापैकी किती पास होतात. दोन-तीन प्रश्न झाले, कुणी उत्तरं दिली, कुणी चुकलं, हसणं झालं. मग दादांनी मला हाक मारली. भाऊ, इकडं बघा, तुमची तर पुढच्या आठवड्यात सेकंड टाइम आहे ना, पहिल्यांदा राहिलेली. सगळ्यांसमोर. मी एकट्यात सांगितलेलं ते.

मुलानं विचारलं, झेंड्यावर तेरा पट्टे का?

मला येत होतं. झाडाखाली दहा वेळा घोकलेलं. पण चाळीस तोंडं माझ्याकडं वळली आणि माझं डोकं धुतलेल्या पाटीसारखं झालं. हातात चिमटा, डोळ्यांत धूर. कुणीतरी म्हणालं, "भाऊ, केकवर आहेत बघा, निदान मोजा तरी." हशा पिकला. एक लहान मुलगी आईला म्हणाली, "ही डझन्ट नो?" आणि आई म्हणाली, शू.

हसणाऱ्यांचा राग आलाच. पण मीही हसलो. चिमटा हलवत, दात काढत, त्यांच्यात त्यांच्यासारखा. जणू विनोद दुसऱ्याच कुणावर झाला होता. त्याची चीड आजही अर्ध्या जेवणात उठून बसते.

सगळ्यांनी काकूंकडं पाहिलं. आता आपटबार वाजणार. काकू वाजल्या नाहीत. खुर्चीतून उठल्या, सावकाश चालत ग्रिलपाशी आल्या, गॅसची कळ फिरवून बंद केली. माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. पाठीमागं जाऊन माझ्या ॲप्रनची गाठ सोडली, जशी आई पोराची सोडते तशी. ॲप्रनची नीट घडी घातली आणि दादांच्या हातात दिली.

"शिरीष, चिकन एका बाजूनं कच्चं आहे. बर्फ भरपूर आहे. आता इझी करा."

एवढंच, आणि तेही हळू आवाजात. त्यांना मी हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. दादा म्हणाले, अहो काकू, गंमत होती, भाऊंनी स्पोर्टिंगली घेतलं ना. काकू थांबल्या. "त्याच्यापुढं दुसरं काय घ्यायला ठेवलं होतंत?"

मी काकूंच्या गाडीत बसून रडकुंडीला आलो होतो. काकू, शुक्रवारची ऑर्डर जाईल, मालक मला काढेल, परत चला. त्या म्हणाल्या, सीटबेल्ट लाव आणि तोंड मिट. घरी नेलं, झाडाखाली बसवलं, पुढ्यात भगर ठेवली आणि वही ठेवली. ऊन कलेपर्यंत एकच वाक्य, स्वातंत्र्यदिन जुलैमध्ये असतो. इंग्रजीत. चुकलं की परत. आणि मधेच कधीही ओरडून विचारायच्या, तेरा पट्टे का? मी ओरडून सांगायचो, तेरा वसाहती. "मोठ्यानं. त्या शिरीषला ऐकू जाऊ दे."

पुढच्या आठवड्यात टेबलामागचा माणूस खरंच मालक वाटला नाही. झाडाखालचा घसा ताणायचा सराव असा झाला होता की मी उत्तरं जरा जास्तच जोरात दिली. तो दचकला आणि हसला, पण ते हसणं वेगळं होतं. मी पास झालो. बायको आणि मुलगी आता इथं आहेत. मुलगी शाळेत पिवळ्या बसनं जाते.

पण त्या पार्टीनंतर काय झालं, तेही लिहायला हवं. शुक्रवारची ऑर्डर बंद झाली, मालकानं मला महिनाभर भांडी घासायला लावली. ते चाललं, मला भांड्यांची लाज नाही. काकूंचा मात्र दर रविवारी मराठीचा वर्ग असायचा, लायब्ररीच्या खोलीत. इथं जन्मलेल्या वीस-बावीस पोरांना त्या बाराखडी शिकवायच्या, फुकट, अकरा वर्षं. ग्रुपवर मेसेज आला, काकूंचं वय झालंय, त्यांना आता आराम देऊ या, वर्ग ऑनलाइन करू या, सगळ्यांना इझी होईल. खाली हात जोडलेली चित्रं, फुलं, थँक्यू काकू. एकानंही फोन केला नाही. त्यांची पोरं याच बाईकडं 'क' काढायला शिकली. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. लिहिता येत होतं तरी.

काकू म्हणाल्या, जाऊ दे रे. जाऊ दे हा शब्द त्यांच्या तोंडी मी तेव्हाच ऐकला. रविवारी सकाळी त्या पिकानखाली नुसत्या बसून असायच्या, पुढ्यात खडूचा डबा.

गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. मुलगा येऊन त्यांना बॉथेलला घेऊन गेला. घर विकलं. मी फोन करतो तेव्हा सून उचलते. चांगली आहे ती, तिच्याबद्दल तक्रार नाही. म्हणते, उजवा हात चालत नाही, शब्द सापडत नाहीत, डाव्या हातानं लिहायचा सराव सांगितलाय पण आई पेन्सिल धरतच नाहीत. मागच्या खेपेला म्हणाली, "पण भाऊ, एक बरं आहे. आई आता अगदी शांत झाल्यात. आम्हाला खूप इझी जातं."

मी फोन ठेवला आणि कणकेच्या परातीवर अशी मूठ आपटली की बायको आतून धावत आली.

काकू, हे तुमच्यासाठी लिहितोय, कुणीतरी वाचून दाखवेल. मालकाकडं मी रजा मागितली आहे. मागितली म्हणजे, मोठ्यानं मागितली. या चार जुलैला दिली तर या, नाहीतर पुढच्या, पण मी बॉथेलला येणार. तुमच्या मुलाच्या अंगणात टेबल मांडणार. बर्फ आणणार नाही. भाकरी करीन, दाण्याची आमटी करीन, तुम्ही खुर्चीत बसून खायचं. मग मी तुमच्या डाव्या हातात पेन्सिल देईन आणि वाक्य सांगेन, तेच, जुलैचं. हात थरथरेल. थरथरू दे. कागद काय तुमचा मालक आहे? चुकलं की मी म्हणेन, परत. आणि तुम्ही चिडून ती पेन्सिल माझ्या डोक्यात फेकून मारेपर्यंत मी तिथून उठणार नाही.