सहाची आंघोळ

माझ्या मोठ्या नणंदेनं एकतीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. लग्न केलं नाही. दोन खोल्यांचं स्वतःचं घर, दुपारी दोन ते रात्री दहाची पाळी, आणि आवाज असा की नंबर चुकला असं सांगितलं तरी माणसाला बरं वाटावं. सकाळी नऊच्या आधी त्यांच्या दाराची कडी वाजवायची कुणाची छाती नव्हती. आंघोळ बाराला. मग इस्त्रीची साडी, केसाला पिन आणि ऐटीत कामाला.

मी नवी नवरी असताना एकदा त्यांना विचारलं होतं, “आक्का, लोक काय काय बोलत असतील नाही? मजा येत असेल ऐकायला.”

त्या म्हणाल्या, “दोघांची लाइन जुळली की खटका वर करायचा आणि कान काढून घ्यायचा. मध्ये रेंगाळते ती ऑपरेटर नव्हे.”

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. मी रोज दुपारी स्वयंपाकघर आवरलं की वहीत चार ओळी लिहिते आणि शेवटी देवाचं नाव घेते. सवय जुनी आहे. त्या वह्या आता मला काढून बघवत नाहीत, त्यातही मागच्या वर्षीची तर नाहीच.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी आक्कांची उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आला, हात तितका आला नाही. बोलणं आलं, पण एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढल्यासारखं. डोकं मात्र लखलखीत. आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं, मागची खोली दिली. यांची ती सख्खी मोठी बहीण, आणि मला कुणी न सांगता ते माझंच काम आहे हे कळत होतं. दीड वर्ष मी एकटीनं केलं. उचलणं, बसवणं, धुणं, पुसणं. माझी कंबर धरली. एक दिवस न्हाणीघरात आम्ही दोघी मिळून पडलो. लागलं कुणालाच नाही, पण आक्का फरशीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, “वहिनी... आता... तिसरी... माणूस आण... उचलायला.” आम्ही हसलो, आणि मग मी रडले.

अशांना मदत करणाऱ्या एका ट्रस्टचं दवाखान्यात कळलं. एका श्रीमंत बाईंनी स्वतः नऊ वर्षं अंथरुणात काढली होती, आणि जाताना सगळा पैसा या कामासाठी ठेवला होता. घरी राहून ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो त्यांच्यासाठी. पण अट एक. पैसा पेशंटच्या नावानं येणार, आणि कुणाला कामाला ठेवायचं, किती वाजता बोलवायचं, काय करून घ्यायचं, हे ज्याचं अंग त्यानंच ठरवायचं. घरच्यांनी नाही, डॉक्टरांनी नाही, ट्रस्टनंसुद्धा नाही.

ट्रस्टकडून जाड चष्म्याच्या एक बाई घरी आल्या. आक्कांशी बोलल्या, खोली बघितली, आणि निघताना माझ्या हातात कागद दिला. “तीनच प्रश्न आहेत. मदतीला कोण हवं, केव्हा हवं, आणि स्वतः काय काय करणार. त्यांनी सांगायचं, तुम्ही फक्त लिहायचं. चार दिवस लागले तरी चालतील. घरच्यांनी आपल्या मनानं भरलाय असं कळलं तर मदत बंद होते, बरं का.”

“छे हो, असं कसं करीन,” मी म्हणाले. आणि तेव्हा मला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कागद घेऊन त्यांच्याजवळ बसले. पहिला प्रश्न वाचला. आक्कांनी डोळे मिटले, ओठ हलवले. “मला... ती... आपली...” आत कुकरची शिट्टी झाली. “ती... खालची...” दुसरी शिट्टी झाली. यांचा डबा भरायचा होता. मी म्हणाले, “आक्का, मला माहीतच आहे तुम्हाला काय हवंय. मी लिहिते, तुम्ही नुसती सही करा.” चष्मा त्यांचा खणात होता. मी तो काढून दिला नाही, त्यांनी मागितला नाही. डाव्या हातानं त्यांनी सही केली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. विश्वासानं.

मी काय लिहिलं ते सांगते. मदतीला आमच्या प्रार्थनेच्या गटातल्या एक बाई, पूर्वी बालवाडीत आया होत्या, शांत आणि स्वच्छ. वेळ सकाळी सहाची, आधी आंघोळ. का, तर मी सातला देवापुढे बसते, आणि त्याआधी घरातलं सगळं पार पडलेलं मला बरं वाटतं. तिसऱ्या प्रश्नाखाली, स्वतः काय करणार, तिथं मी लिहिलं: काही नाही.

त्या दिवशीच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे: ‘आक्कांचा कागद भरला. अर्ध्या तासात झालं. देवाची कृपा.’

आयाबाई आल्या. पहिल्याच दिवशी अंधारात दिवा लावून त्यांनी आक्कांना उठवलं. आक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, “एवढ्या... लवकर?”

मी म्हणाले, “कागदावर तसंच आहे, आक्का.”

खोटं बोलले नाही. खोटं बोलले असते तर त्याच दिवशी बोचलं असतं. हे खरं होतं म्हणून आठ महिने आरामात पचलं.

आठ महिने सहाला आंघोळ. थंडीतसुद्धा. सातला केस विंचरलेले, पावडर लावलेली, खिडकीशी खुर्ची. आयाबाई कामाला चोख होत्या, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. आक्कांनी डाव्या हातानं फणी घेतली तर “राहू द्या हो, मी आहे ना” म्हणून काढून घ्यायच्या, कारण कागदावर ‘काही नाही’ होतं. फोन वाजला की आक्का त्याच्याकडे बघायच्या. पण पलीकडचा माणूस ताटकळेल म्हणून मी धावत जाऊन उचलायची. हळूहळू त्या बघेनाशाही झाल्या. बोलणं कमी झालं. हे म्हणाले, “आक्का शोकेसमधल्या बाहुलीसारखी दिसायला लागलीय. एवढी नीटनेटकी.” मला ते कौतुक वाटलं. डॉक्टरांना मी सांगितलं, आजार वाढतोय बहुतेक.

आमच्या जिन्याखाली इस्त्रीवाली बसते. पूर्वी आक्कांच्या गल्लीत तिचं टेबल होतं, त्यांच्या सगळ्या साड्या तिनंच कडक केलेल्या. तोंडानं फटकळ. कपडे द्यायला वर आली की मी सहसा तिला दारातूनच वाटेला लावायची. त्या दिवशी माझे हात कणकेत होते, म्हणून म्हटलं, आत ठेव. ती थेट मागच्या खोलीत गेली. मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं.

“काय ओ आक्का, सकाळी सातला पावडर लावून कुठं निघालात? मुलगा बघायला येतोय की काय?”

आक्का हसल्या. आठ महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता.

“आणि सहाला आंघोळ म्हणे! तुम्ही? नऊच्या आधी दार वाजवलं म्हणून माझ्यावर चप्पल उगारली होती, विसरलात?”

“काय... करणार,” आक्का म्हणाल्या. “ट्रस्टचा... नियम आहे. पैसे... त्यांचे.”

“असले कसले मेले नियम!”

“वहिनीला... बोलू नको. ती... बिचारी... पुष्कळ करते.”

माझे हात तसेच कणकेत राहिले. ट्रस्टला वाटत होतं आक्कांची इच्छा आहे. आक्कांना वाटत होतं ट्रस्टचा नियम आहे. दोघांच्या मध्ये मी होते, आणि हे फक्त मलाच माहीत होतं.

त्याच दुपारी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चष्म्याच्या बाईंची ठरलेली भेट पंधरा दिवसांवर आली होती. आपल्या मनानं भरलाय असं कळलं तर मदत बंद, हे वाक्य डोक्यात घण घालत होतं. मदत बंद झाली तर माझ्या कंबरेला उचलणं झेपणार नाही, मग आक्कांना कुठल्यातरी आश्रमात ठेवावं लागेल. म्हणजे मी गप्प बसते ते आक्कांसाठीच, असं मी स्वतःला समजावलं. यांना सांगितलं तर हे पेपर खाली न घेता म्हणाले, “आता कशाला उकरतेस? चाललंय ना नीट?” सकाळी सहाला न्हाणीघरात पाणी पडायला लागलं की मी अंथरुणात डोळे मिटून पडायची. सातला देवापुढे बसायची आणि कबूल करायची. देवाला सांगणं सोपं असतं, तो उलट प्रश्न विचारत नाही. पण एके सकाळी हात जोडल्यावर मला दिसलं की ही सातची वेळसुद्धा मी आक्कांची झोप मोडून मिळवलेली आहे. तुझ्या नावावर मी माझी सोय करून घेतली, देवा. त्या दिवशी मी मधूनच उठले.

भेटीच्या दिवशी चष्म्याच्या बाई आल्या. आक्कांसमोर खुर्ची ओढून कागद मोठ्यानं वाचायला लागल्या. “आंघोळ सकाळी सहा. अजून तेच हवंय, आक्का?”

आक्कांनी मान डोलावली. “नियम... पाळतो... आम्ही.”

“कुठला नियम?”

“तुमचा.”

बाईंनी चष्मा काढला. “आमचा? आक्का, आमचा वेळेचा नियम नाहीच. हे तुम्हीच सांगितलंय ना?”

आक्कांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. चुकीचा नंबर लागलाय हे कळल्यावर ऑपरेटर क्षणभर थांबते तसं काहीतरी होतं. त्यांनी मला वाचवलं असतं, हे मला अजून वाटतं. त्यांचे ओठ हलायला लागले होते. ‘हो, मीच’ असं काहीतरी त्या जुळवत असाव्यात. पण या खेपेला मला त्यांना ते बोलू द्यायचं नव्हतं.

“ते मी लिहिलंय,” मी म्हणाले. “तिन्ही उत्तरं माझी आहेत. त्यांना वाचूनसुद्धा दाखवली नाहीत.”

बाई रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. म्हणाल्या, “हे मला लिहावं लागेल. समिती बसून ठरवेपर्यंत मदत थांबेल. पुढचं माझ्या हातात नाही.” मग म्हणाल्या, “नवा कागद मात्र आजच भरू. तुम्ही जरा बाहेर बसता?”

माझ्याच घरातून मी बाहेर बसले, जिन्याच्या पायरीवर. खाली इस्त्रीवालीची इस्त्री चालू होती. तिनं वर बघितलं. “काय काकू, चावी हरवली?”

“नाही गं.”

“मग चेहरा का असा, कपडा करपल्यासारखा?”

मी तिला सांगितलं. का कुणास ठाऊक, पण सगळं सांगितलं. ती इस्त्री उभी करून ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, “आक्कांना मी विचारलं असतं तर मलाही वेळ लागला असता. पण मी विचारलं असतं.”

पावणेदोन तास लागले. तीन प्रश्नांना पावणेदोन तास. मी अर्ध्या तासात उरकले होते.

सत्तावीस दिवस मदत नव्हती. मी आणि हे मिळून केलं. ह्यांनी पहिल्यांदाच बहिणीला उठवून बसवलं आणि घामाघूम होऊन म्हणाले, “तू हे दीड वर्ष केलंस?” त्या दिवसांत आक्का माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी एकदा पायाशी बसून म्हणाले, “आक्का, चुकलं माझं.” त्यांनी ऐकलं. मग पाणी मागितलं.

मग समितीचं पत्र आलं. आक्कांच्या नावानं, म्हणून मी ते फोडलं नाही. चष्मा काढून दिला आणि उभी राहिले. वाचून झाल्यावर त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. मदत चालू, आणि पुढं दर तीन महिन्यांनी बाई येऊन आक्कांशी एकट्यात बोलणार. सोबत नव्या कागदाची नक्कल होती, ती आता मागच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलेली आहे. मदतीला इस्त्रीवाली. ‘ती... खालची...’ म्हणजे ती, हे मला तेव्हा तिसऱ्या शिट्टीपर्यंत थांबले असते तर कळलं असतं. वेळ दहाची, आंघोळ बाराला. आणि स्वतः काय करणार याच्याखाली: केस मी विंचरणार. फोन मी उचलणार.

आयाबाईंचं काम माझ्यामुळे गेलं. त्यांचा काडीचाही दोष नव्हता. मी जाऊन माफी मागितली, ट्रस्टच्या बाईंना सांगून त्यांना दुसऱ्या घरी लावलं, पण प्रार्थनेत त्या आता माझ्या शेजारी बसत नाहीत. बरोबरच आहे.

फोन वाजतो तेव्हा मी पदर मुठीत धरून उभी राहते. सहा वेळा, सात वेळा, आठ वेळा वाजतो. मग “हॅ... लो.” निम्मे लोक तोवर ठेवून देतात. माझा भाऊ तर चिडून म्हणाला, “तुमच्याकडे फोन उचलायला माणसं नाहीत का?” मी म्हटलं, “आहे. तू थांबत नाहीस.”

सहाला मला अजून जाग येते. न्हाणीघर गप्प असतं. मागच्या खोलीत आक्का झोपलेल्या असतात, आणि मी देवापुढे बसते तेव्हा घर पसरलेलं असतं. त्याचं काही वाटेनासं झालंय. आठ महिन्यांच्या सकाळी मात्र परत देता येत नाहीत, आणि त्या मी कुठल्याही हिशेबात बसवू शकत नाही.

काल दुपारी त्यांच्या खोलीत चादर बदलत होते. आक्का म्हणाल्या, “वहिनी... मला...”

मी चादर सोडून समोर बसले. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मला वाटलं आता त्या माफ केलं म्हणणार. तो शब्द माझ्या जिभेवर आला, त्यांना हात द्यायला म्हणून. मी तो गिळला आणि बसून राहिले. खालून कुणीतरी इस्त्रीवालीला हाक मारली, ती ओरडून काहीतरी बोलली, परत शांत झालं.

“मला... अजून... राग आहे,” आक्का म्हणाल्या. “तुझा.”

“हो,” मी म्हणाले.

त्या थांबल्या. मला वाटलं संपलं, पण उठले नाही. बरंच झालं उठले नाही ते.

“आणि... चहा... हवाय. आपल्या... दोघींना.”