कबरीचा डावा कान

मांजराचा कान तुम्ही कधी उन्हासमोर धरून पाहिलाय का? कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा पातळ असतो. ऊन आरपार आलं की आतल्या लाल शिरा दिसतात. एक जाड शीर, तिला फुटलेल्या बारीक, त्यांना आणखी बारीक, आणि काठाशी तर दिसतील न दिसतील अशा. मी तो पाहिला तेव्हा चाळिशीला आले होते. दोन लेकरं शाळेत जायला लागली होती आणि मांजर म्हणजे उंदीर धरायचं जनावर, एवढीच माझी समज. तो कान मी काही हौसेनं पाहायला गेले नव्हते. सडत चालला होता म्हणून पाहावा लागला.

आमचं घर केडगावच्या अलीकडं, रस्ता सोडून जरा आत. माझं माहेर केंदूरचं, शेतीवाल्यांचं. सासरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणायचे, सारा जन्म मेंढरांमागं चाललेला माणूस. मग कालव्याचं पाणी आलं, जिकडं तिकडं ऊस झाला, चरायला माळ उरले नाहीत. आबांनी मेंढरं विकली. ही नव्वदीनंतरची वर्षं. माझे मालक कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत लागले, ते सुट्टीलाच घरी यायचे. आबांच्या हातांना मात्र काही कामच राहिलं नाही. अंगणात घोंगडी टाकून बसायचे, तळहातावर तंबाखू मळायचे आणि लांब बघत राहायचे.

अशात ज्वारीच्या पोत्यांमागून एक कबरी मांजरी निघाली. पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे ठिगळ लावल्यासारखे डाग. कुठून आली माहीत नाही. चार घरं सोडून ती आबांच्या घोंगडीवर येऊन झोपली आणि आबांनी तिला उठवलं नाही. मेंढरांची लोकर होती ना ती, ऊब लागत असेल. आबा तिला 'बया' म्हणायचे. "बया, सरक जरा, मला बी टेकू दे," असं त्यांचं चालायचं. शेजारची चाची, म्हणजे पलीकडच्या मुसलमान घरातली म्हातारी, भिंतीवरून डोकावून म्हणायची, "आबा, सुनेशी एवढं बोलत जा जरा. गरीब वाट बघती."

"सून उलट बोलती. ही ऐकून घेती," आबा म्हणायचे.

मग ती डोकं झटकायला लागली. डाव्या पायानं कान खाजवायची, खाजवून खाजवून रक्त काढायची. कानातून काळं काहीतरी यायचं आणि वास असा की जेवताना जवळ आली तर घास खाली ठेवावा. आबांनी एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाले, "किडं पडल्यात. मेंढराला बी आसंच हुतं."

आता मेंढराला किडे पडले तर धनगराला औषध विचारावं लागत नाही. सीताफळाचा पाला वाटून त्याचा रस काढायचा, त्यात तंबाखूचं पाणी मिसळायचं, जखमेत सोडायचं. किडे भराभरा बाहेर पडतात. आबांनी जन्मभर शेकडो मेंढरं अशी वाचवली असतील. त्यांनी तसंच केलं. कबरीला दोन गुडघ्यांत धरलं, अगदी लोकर कातरताना मेंढी धरतात तसं, आणि कानात रस सोडला.

मेंढरू सोसतं. मांजराला ते सोसत नाही, हे आबांना कुठून ठाऊक असणार? ती किंचाळली आणि गुडघ्यांतून अशी सुटली की आबांच्या मनगटावर लांब ओरखडा उठला. तिच्या तोंडाला फेस आला होता. पोत्यांवरून, माळ्यावरून, कुठं गेली कळलंच नाही.

परत आली ती काही दिवसांनी. डोकं डाव्या खांद्यावर कलंडलेलं, चालायला लागली की गोल गोल फिरायची. डाव्या बाजूला ताट आपटलं तरी वळायची नाही. आबा पुढं झाले तर माळ्यावर जाऊन बसली.

मी तिला कोंबड्यांच्या डालग्यात घालून, वरून फडकं बांधून, वडापच्या, शिटा भरून धावणाऱ्या जीपनं दौंडला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं सगळ्या गाई-म्हशीवाल्यांची रांग. एकानं विचारलं, "काय वहिनी, कोंबडी झुरती व्हय?"

"कोंबडी न्हाई, मांजर हाय."

"मग उद्या उंदराला बी आणा. त्यानं का घोडं मारलंय?" सगळे हसले. मीही हसले. कबरी डालग्यात गुरगुरली तेव्हा जरा लांब सरकले सगळे.

डॉक्टर तरुण होते. हसले नाहीत. कान स्वच्छ केला, उन्हाकडं धरला, मला दाखवला. त्या शिरा मी तेव्हा पाहिल्या. मग त्यांनी तिचं पोट दोन बोटांनी चाचपलं, तोंडाचा वास घेतला. "पाणी फार पिते का?" मी म्हणाले, पिते, रांजणाखालचं सांडलेलं चाटत बसते. ते म्हणाले, "हिची मूत्रपिंडं कमजोर आहेत, ते काही आजचं नाही. मीठ घालू नका, पाणी भरपूर ठेवा. आणि कान. कानाचा पडदा गेलाय. तो कान बरा होणार नाही, पण आत मुरलेला पू पुढं डोक्यात उतरू द्यायचा नाही. रोज पुसायचं, रोज हे थेंब घालायचे. जिवंत आहे तोवर."

"आन् न्हाई घातलं तर?"

"तर फार दिवस काढणार नाही."

घरी आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्या घातलं त्यानं गेला का पडदा?"

डॉक्टरांना मी ते विचारलंच नव्हतं. तसंच म्हणाले, "न्हाई इचारलं."

"मग आता नगंच इचारू," आबा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

थेंब घालणं म्हणजे रोजची कुस्ती. मी गोणपाटात गुंडाळायची, ती गोणपाटातून निघायची. थेंब कानात पडला की अंग झटकून कोसळायची, डोळे गरगरायचे. पोरं तर जवळच यायची नाहीत, दोघांनाही एकेक बोचकारा मिळाला होता. चाचीनं बिनमिठाचे उकडलेले मटणाचे बारीक तुकडे आणून दिले, ते दाखवून धरली तर तुकडे घेऊन पळाली.

एकदा भाकरी थापताना बाटली हाती आली. हात पिठाचे, म्हणून ती कनवटीला खोचली आणि विसरले. भाकऱ्या झाल्या, चूल विझवली, मग आठवलं. थेंब घातला तर कबरी नुसती शहारली. पडली नाही, गरगरली नाही. मी बाटली गालाला लावून पाहिली. माझ्या अंगाच्या उबेनं कोमट झाली होती. एवढंच होतं बघा. कानात गार थेंब पडला की तिला भोवळ यायची. त्या दिवसापासून बाटली माझ्या कनवटीला, आणि कबरी माझ्यापुरती कशीबशी थांबायला लागली.

आणि तिचं चालणं. त्याचं मला आजही नवल वाटतं. डोकं वाकडं, एक कान गेलेला, तोल नाही. आधी उडी मारायची ती पोत्याच्या बाजूला पडायची. पुन्हा पुन्हा पडायची. मग मी पाहिलं, ती उडी मारताना पोत्याकडं तोंडच करत नव्हती. उजवीकडं, रिकाम्या भिंतीकडं बघून उडायची आणि बरोबर पोत्यावर उतरायची. तिची दुनिया जेवढी कलंडली होती तेवढा नेम तिनं दुसऱ्या अंगाला सरकवला होता. हे तिला कुणी शिकवलं? मला साधं चष्म्याचं भिंग बदललं तरी आठवडाभर उंबऱ्याची ठेच लागते.

आबांच्या वाऱ्यालाही मात्र ती उभी राहायची नाही. ऐकू नीट येत नसलं तरी ते ओसरीवर आले की माळ्यावर. आबा घोंगडीची एक बाजू मोकळी ठेवून बसायचे.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, आबांची तंबाखूची चंची खुंटीला तशीच लटकलेली असते. मला वाटलं संपली. विचारलं, "आबा, तंबाखू आणायची का?"

"नगं."

"का वो?"

"दात दुखतोय."

आबांच्या तोंडात दुखायला किती दात शिल्लक होते ते मला माहीत होतं. मग पाहिलं, ते मोरीवर बसून चुलीतल्या राखेनं हात घासत होते. बोटांची पेरं, नखं, तळवा, पुन्हा तळवा. सदराही रोज धुवायला टाकायला लागले. तेव्हा मला उमगलं. कानात गेलं त्यात तंबाखूचं पाणी होतं, आणि आबांच्या हाताला तोच वास साठ वर्षांचा मुरलेला. माणूस दिसायच्या आधी तो वास तिला पोचत असणार.

माझी सासू जिवंत होती तोवर भांडून थकली, तिच्यासाठी त्यांनी तंबाखू सोडली नाही. खोकल्यानं बेजार झाले तरी सोडली नाही. आता डोकं धरून बसायचे, चिडचिड करायचे, तोंडात ओवा धरायचे. चाची म्हणाली, "आबा, औषध मांजराचं चाललंय का तुमचं?" तिलाही त्यांनी दाताचंच सांगितलं.

त्यातच केंदूरहून निरोप आला, आई ओसरीवर पडली, खुब्याचं हाड गेलं. जावंच लागणार होतं. मालक कंपनीत, पोरं भेदरलेली. बाटली द्यायची कुणाकडं? आबांनी हात पुढं केला. मी म्हणाले, "आबा, ती तुमच्याकडं..."

"तू जा. आईकडं बघ."

आईजवळ बसले होते, पण मन तिथं नव्हतं म्हटलं तर खोटं, आणि होतं म्हटलं तरी खोटं. आईचे पाय चोळताना मला डॉक्टरांचं वाक्य ऐकू यायचं. भावजय आली, आईला जरा उतार पडला, तशी मी निघाले. शिक्रापूर, न्हावरे, चौफुला, प्रत्येक ठिकाणी गाडी बदलत. मनात तयारी केली होती की परसात खड्डा दिसेल.

घरी पोचले तर दुपार कलली होती. आबा अंगणात घोंगडीवर मांडी घालून बसले होते. हात दोन्ही गुडघ्यांवर उताणे, मोकळे. कबरी मांडीत होती. उजवी कूस खाली, डावा कान वर. तिला कुणी धरलेलं नव्हतं. आबांनी काखेतून बाटली काढली, गालाला लावली, एक एक करून थेंब सोडले. तिच्या कातडीवरून एक लहर गेली तेवढीच. मग त्यांनी कानाच्या मुळाशी अंगठ्यानं हळू चोळलं आणि ती तशीच पडून राहिली.

मी आवाज न करता उभी होते. आबांना माझी सावली दिसली.

"कसं जमलं आबा?"

"जमलं कुठं. पयल्यांदा आलीच न्हाई. म्या निस्ता बसून ऱ्हायलो. मेंढराला धराया लागतं. हिला धरून चालत न्हाई." मग मला विचारलं, "आई कशी हाय?"

"बरी हाय."

"मग पाय धू. च्या टाक."

तिनं माफ केलं असं मी म्हणणार नाही. माफी हा माणसांचा शब्द. तो वास नाहीसा झाला म्हणून ती आली असेल, किंवा लोकरीची ऊब हवी असेल. पण ज्या मांडीत त्या रसानं तिचा कान पोळला त्याच मांडीत ती दुखरा कान वर करून झोपली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं, आणि चहा टाकताना साखरेच्या जागी मीठ घातलं.

त्यानंतर बाटली माझ्याकडं परत आलीच नाही. कान कधी बरा झाला नाही. कबरी मात्र बरीच वर्षं जगली, वाकड्या मानेनं, भिंतीकडं बघून उड्या मारत. औषध संपलं की आबा धुतलेला सदरा घालून, रिकामी बाटली खिशात टाकून, जीपनं एकटेच दौंडला जायचे आणि गाई-म्हशींच्या रांगेत बसायचे. कुणी विचारायचं, "आबा, जनावर कुठंय?"

"घरी हाय," आबा म्हणायचे. "ह्या टायमाला झोपल्याली आसती."