अर्ध्या पारदर्शक पंखांची मादी

वैशालीने आमच्या कीटकप्रेमी ग्रुपवर टाकलेल्या चतुराच्या फोटोखाली मी लिहिलं होतं, "ही मादी नाही, कोवळा नर आहे. पंखांत रंग अजून भरायचाय." ते सिद्ध करायलाच मी तिने फोटो काढला त्या जागी, कर्जतला गेले, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही दोघी सहा वर्षं सोबत चतुर, म्हणजे ड्रॅगनफ्लाय, बघत फिरतो. पुस्तकं मी वाचते, जाती मी ओळखते आणि ग्रुपवर कौतुक होतं ते तिच्या फोटोंचं. या फोटोवर तर लोक तुटून पडले होते. मी दिवसभर तो मोठा करकरून चूक शोधत होते.

रविवारी सकाळी सहाला पनवेलहून स्कूटर काढली. तुम्ही गेलात तर चौक गावाहून कर्जतकडे वळा, जवळ पडतं. मी पुढे कुंभिवलीपर्यंत गेले, कारण तिथल्या टपरीवर आम्ही नेहमी मिसळ खातो. सत्तर रुपयांत पोट भरतं.

"दुसऱ्या म्याडम नाय आल्या?" टपरीवाल्याने विचारलं. "परवा आल्या व्हत्या. लय खुशीत व्हत्या."

चहा अर्धा टाकून मी निघाले. खोपोली, पळसदरी करत कर्जतजवळची दहिवली गाठली. गावाबाहेर भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या आणि खाचरांच्या मागे पाणवनस्पतींनी भरलेलं तळं होतं. गमबूट न्या, चिखल गुडघ्यापर्यंत आहे.

चतुर होतेच. फुलपाखरासारखे संथ तरंगत होते. काळपट हिरवं चकाकतं अंग, मागचे पंख बुडाशी चांगले रुंद. नराचे चारही पंख टोकापर्यंत मधासारखे पिवळे, त्यावर काळे ठिपके. मग फोटोतल्यासारखा एक आला. पुढचे पंख अर्ध्यापर्यंत काळे-पिवळे आणि तिथून टोकापर्यंत काचेसारखे स्वच्छ. माझा कोवळा नर. मी कॅमेरा सरसावला.

बांधावर गवत कापणाऱ्या एक बाई जवळ आल्या, नाव सुमनताई. शेत त्यांचंच.

"तुमी पन हिचाच फोटू काढता? त्या बाई दोन तास चिखलात बसल्या व्हत्या."

"हिचा म्हणजे?"

"मादी हाय ना ती. बघा, शेपूट पान्याला लावतेय. अंडी घालते. आमी रोज बघतो."

ती खाली येऊन पाण्याला शेपूट टेकवत होती. पुन्हा वर, पुन्हा खाली. नर असलं काही करत नाही. मी एकही फोटो काढला नाही.

बांधावर बसूनच वैशालीला फोन लावला. "तुझं बरोबर होतं. मादीच आहे."

"माहीत आहे गं. मी तिला अंडी घालताना बघितलं होतं."

"मग ग्रुपवर बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या खात्रीने लिहिलं होतंस. सगळ्यांसमोर तुला कशाला खोटं पाडायचं?"

मला राग आला. तिच्या जागी मी असते तर पुरावा पाच मिनिटांत टाकला असता.

परतताना चौकमार्गे आले, दीड तासात घरी. गमबूट धुतले आणि फोटोखाली लिहिलं, "माझी चूक झाली. ही मादीच आहे. मी आज स्वतः पाहिलं." कुणीतरी लगेच माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. वैशालीने फक्त एक हसरा चेहरा टाकला.

फोटोचा हेवा आता बराच कमी झालाय. पण मी चुकीचं लिहिलं त्या दिवशी तिला गप्प बसता आलं, त्याचा हेवा वाटतो.